वर्गातले बाकीचे

आमच्या शाळेची तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर टांगलेली आहे. म्हणजे चिठ्ठी टाकायची तर अर्ध्या शाळेच्या देखत टाकायची. शासनाचा आदेश आहे, म्हणून पेटी आहे, कुलूप आहे, ती उघडताना हजर राहणारी माणसंही ठरलेली आहेत. आतून निघतं काय? चॉकलेटचे कागद, 'पंखा दुरुस्त करा', 'पीटीचा तास गणिताला देऊ नका' ही अत्यंत रास्त मागणी, आणि कुणातरी दोघांच्या नावांमध्ये बदाम काढलेला वहीचा कागद. चिडवलं, डबा पळवला, रोज टपली मारतात, असली एक ओळ सापडत नाही. त्यावरून 'आपल्याकडे तसलं काही नाही' असं छातीठोकपणे सांगणारे लोक स्टाफरूममध्ये आहेत. मला त्यांचा हेवा वाटतो.

मी नाशिकमध्ये, सातपूरच्या बाजूला, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्याकडची बहुतेक मुलं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची. काही सटाणा-कळवण-मालेगावकडून आलेली, घरी अहिराणी बोलणारी. काहींच्या घरी भोजपुरी. काही पेठ-सुरगाण्याची आदिवासी मुलं, वसतिगृहात राहून शिकणारी. चिडवायला एवढं भांडवल भरपूर झालं. एखाद्याच्या तोंडून बोलता बोलता 'जाई राहिनू' निघून गेलं की संपलं. मग तो वर्षभर 'राहिनू'. भोजपुरीवाल्याला काय म्हणतात ते सांगायलाच नको, ते मोठी माणसंही म्हणतात. वसतिगृहातल्या मुलांशी कुणी भांडतसुद्धा नाही. त्यांच्या बाकाशेजारून नुसतं जायचं. माझ्या मते ते भांडणापेक्षा वाईट.

सातवीत एक मुलगा लासलगावकडून आला. वडील शेतकरी, कांदा करणारे. आई-मुलं शिक्षणासाठी मामाकडे सातपूरला. पहिल्याच आठवड्यात त्याचा 'कांद्या' झाला. आता हे नाव तसं काही जहाल नाही, आणि पोरगाही सगळ्यांबरोबर हसायचा. मोठी माणसं फसतात ती इथे. तो हसतोय ना, मग मजाच चाललीय. अहो, नाही हसला तर दुसरं काय करील तो? सदतीस पोरं हसत असताना एकट्याने तोंड पाडून बसलं तर त्याचीही वेगळी नक्कल होते.

पुढे कांद्याचे भाव पडले. घराघरांत कांद्याचं बोलणं सुरू झालं, टीव्हीवर लिलावाचे आवाज, आणि मग वर्गाच्या दाराशी रोज सकाळी एकच प्रश्न: "काय रे कांद्या, आज काय भाव?" एकजण विचारायचा. मागचे दोघं-तिघं "मातीमोल, मातीमोल" असं लिलावाच्या चालीवर ओरडायचे. मग वर्ग हसायचा. घरी बापाने वाहतुकीचा खर्चही न सुटता माल विकलेला, रात्री फोनवर तेच बोलणं, आणि सकाळी साडेसातला दारात हा विनोद. पोरगा उशिरा यायला लागला. प्रार्थना संपून सगळे जागेवर बसले, बाई हजेरी घ्यायला लागल्या की मागच्या दाराने आत. आमच्याकडे उशिरा येणाऱ्याला पहिला तास बाहेर उभं करायची पद्धत आहे. तो आनंदाने उभा राहायचा. शिक्षेसाठी एवढ्या वेळेवर येणारा विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही.

हे उघडकीला आलं ते त्याच्या मामामुळे. मग जे सगळ्या शाळांमध्ये होतं ते झालं. विचारणाऱ्याला आणि याला समोरासमोर उभं केलं गेलं. "सॉरी म्हण. शेकहँड करा. एकाच वर्गातले ना तुम्ही? भावासारखं राहायचं." दोघांनी हात मिळवले. हात सोडता सोडता त्याचं बोट पिरगाळलं गेलं, हे आम्हाला फार नंतर कळलं.

शेकहँडवर माझा मुळीच विश्वास नाही, आणि या बाबतीत मी एकटी नाही. डॅन ओल्वेयस नावाचा मानसशास्त्रज्ञ शाळेतल्या मुलांनी मुलांच्या केलेल्या छळाच्या अभ्यासाचा पाया घालणारा मानला जातो. १९७०च्या दशकात त्याने स्वीडनमध्ये शाळकरी मुलांवर काम सुरू केलं, पुढे नॉर्वेत बर्गनला. त्याने अशा छळाच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो, आणि दोन बाजूंचं बळ सारखं नसतं. तिसरी खूण महत्त्वाची. सारख्या ताकदीच्या दोन पोरांमध्ये बॅटवरून मारामारी झाली तर मध्यस्थी चालते. दोघांचं काही ना काही चुकलेलं असतं, दोघं थोडं थोडं सोडतात. पण इथे कांद्याने काय सोडायचं? वडिलांचा धंदा? समोरासमोर उभं केलं की मोठी माणसं कळत-नकळत त्याला सांगतात की भांडणात तुझाही अर्धा वाटा आहे. आणि विचारणाऱ्याला कळतं की तक्रार झाली तरी जास्तीत जास्त एका शेकहँडचा खर्च आहे.

नॉर्वेने हा विषय गांभीर्याने घेतला तो १९८३ साली. देशाच्या उत्तरेकडे तीन किशोरवयीन मुलांनी आत्महत्या केल्या, आणि त्यामागे सोबत्यांकडून झालेला छळ असावा असं दिसलं. देशभर मोहीम सुरू झाली. ओल्वेयसने बर्गनच्या ४२ शाळांमध्ये सुमारे २,५०० मुलांवर दोन वर्षं अभ्यास केला आणि छळाचं प्रमाण जवळपास निम्म्याने उतरलं असं नोंदवलं. त्याने नेमकं काय केलं हे वाचायला गेले तेव्हा मी काहीतरी भारी शोधत होते. निघालं काय, तर मधल्या सुट्टीत मैदानावर मोठी माणसं हजर. वर्गाने मिळून ठरवलेले दोन-चार नियम. दर आठवड्याला वर्गाची बैठक. पालकांशी बोलणं. त्रास देणाऱ्याशी वेगळं, सोसणाऱ्याशी वेगळं बोलणं. म्हणजे सगळी रटाळ कामं, ज्यांचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकता येत नाही. पुढे इतर देशांतले असे कितीतरी उपक्रम एकत्र तपासले गेले, तेव्हा २०११च्या एका मोठ्या आढाव्यात सरासरी घट वीस टक्क्यांच्या आसपास निघाली. वीस टक्के ऐकून कुणी फटाके वाजवणार नाही. पण सातशे पोरांच्या शाळेत वीस टक्के म्हणजे कोण, हे मला नावानिशी डोळ्यांसमोर येतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवून सोडलं ते बाकीच्यांबद्दलच्या कामाने. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं की छळात दोन माणसं नसतात, अख्खा वर्ग असतो. एक पुढाकार घेणारा, एक-दोन त्याचे हस्तक, काही हसून-ओरडून रंग भरणारे, काही 'आपल्याला काय करायचंय' म्हणून बाजूला होणारे, आणि थोडेसे, त्या सोसणाऱ्याच्या बाजूला उभे राहणारे. मी माझी सातवी 'ब' या चौकटीत बसवून पाहिली; नावं इतकी पटापट बसली की घाबरायला झालं. कॅनडात तर संशोधकांनी मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर छोटे माइक लावून खरोखरचे प्रसंग टिपले. दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत आजूबाजूला दुसरी मुलं होती. मध्ये पडली ती साधारण पाचातल्या एकात. पण पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद! तेवढ्यात आमची चौकशी समिती खुर्च्यासुद्धा मांडत नाही.

म्हणजे 'आज काय भाव' विचारणाऱ्याला रोजचा पगार कोण देत होतं, तर हसणारा वर्ग. त्याला शिक्षा करून पगार बंद होत नाही, उलट वाढतो. मुख्याध्यापकांच्या दालनातून बाहेर येणारं पोरगं कसं चालतं ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. मी शिक्षेच्या विरोधात आहे असं नाही. मारलं, कपडे ओढले, मोबाईलवर कुणाचा व्हिडिओ फिरवला, तर तिथे नियमाप्रमाणे जे करायचं ते केलंच पाहिजे, आणि मुलांसाठीच्या मदतीचा १०९८ हा नंबर भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहिलेला पाहिजे, मोठ्यांच्या नाही. पण रोजच्या, बारीक, हसत हसत केलेल्या छळाला कायद्याचं टोक लागत नाही. तिथे वर्गाचं वारंच बदलावं लागतं.

शासनाच्या 'आनंददायी शनिवार' उपक्रमाच्या निमित्ताने हाताशी जो वेळ मिळतो, त्यातला एक तास मी वर्गसभेला घेतला. सुरुवातीच्या सभा पार फसल्या. मुलं उभी राहून वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखी बोलायची: "आपण सर्वांनी एकमेकांशी प्रेमाने वागले पाहिजे. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो." टाळ्या. सगळ्यात सुंदर भाषण 'आज काय भाव'वाल्याने केलं.

मग बोलणं बंद केलं. शाळेचा साधा नकाशा झेरॉक्स करून वाटला, नाव लिहायचं नाही असं सांगितलं, आणि जिथे जायला नको वाटतं तिथे लाल ठिपका द्यायचा. स्वच्छतागृह निघणार हे माहीत होतं, ते निघालं. पाण्याच्या नळांशी ठिपकेच ठिपके. सायकल स्टँडवर तर कागद लालभडक. पण चपापले मी एका वेगळ्या जागेपाशी. बऱ्याच जणांनी आमच्याच वर्गात, फळ्याच्या पुढ्यात ठिपका दिला होता. फळ्याकडे तोंड करून गणित सोडवायला उभं राहिलं की मागून आवाज येतात, आणि बाई तेव्हा खिडकीशी उभ्या राहून वह्या तपासत असतात. शिक्षक चार भिंतींच्या आत हजर असताना ही अवस्था. त्या नकाशावर मुलं बोलली, कारण नकाशावर जागेबद्दल बोलायचं होतं, माणसाबद्दल नाही. चोमडेपणाचा शिक्का बसत नव्हता. आमच्याकडे 'चोमड्या' हा शिक्का 'कांद्या'पेक्षा किती भारी पडतो याची मोठ्यांना कल्पना नसते. पेटी रिकामी राहते ती त्याच्यामुळे.

फिनलंडच्या शाळांमध्ये जो कार्यक्रम चालतो, त्यात एक युक्ती आहे. सोसणाऱ्या मुलाला आधार देण्यासाठी वर्गशिक्षक दोन-चार अशी मुलं निवडून त्यांच्याशी बोलतात, जी स्वभावाने चांगली आहेत आणि ज्यांचा वर्गात वट आहे. दोन्ही पाहिजे. नुसतं चांगलं पोरगं पुढे केलं तर उद्यापासून दोघांना चिडवतात. माझ्या वर्गात वट कुणाचा, तर खो-खोच्या कॅप्टनचा. ही मुलगी उंचीने सगळ्यांत लहान, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही. तिला बोलावून सांगितलं, त्याची बाजू घेऊ नकोस, भांडू तर अजिबात नकोस. फक्त सकाळी तो दारात आला की त्याच्याशी काहीतरी बोलायला लाग. काय बोलू? काहीही. वही माग.

दुसऱ्या दिवशी मी पायरीवर उभी राहून पाहिलं. तो दारात आला, मागच्या बाकावरून "काय रे कांद्..." सुरू झालं, आणि ही तीन बाक ओलांडून मोठ्याने म्हणाली, "ए, विज्ञानाची वही आणली का? दे, मला आकृती काढायचीय, दे ना लवकर!" तो दप्तर उघडायला खाली वाकला. हसायचं कुणी राहूनच गेलं. असं होत होत तो प्रश्न बंद पडला. नाव पडलं ते पडलंच. ते आता तिच्याच तोंडी आहे, आणि तो तिला त्यावर 'ओ' देतो. विचारणाऱ्याने थोडे दिवस जाऊ दिले आणि भोजपुरी बोलणाऱ्या एकाला धरलं. आम्ही पुन्हा पहिल्यापासून.

या सगळ्यात मला जो खरा गुरू भेटला तो शाळेचा नोकर नाही. आमच्या रिक्षावाल्या काकांबद्दल बोलतेय. बालमानसशास्त्राचं एक पान न वाचलेला हा माणूस रोज सकाळी अकरा पोरं भरतो (आरटीओच्या लोकांनी हे वाक्य वाचू नये) आणि कोण कुठे बसणार हे स्वतः ठरवतो. ज्यांचं जमत नाही त्या दोघांना स्वतःच्या दोन बाजूंना. नवीन पोर असेल तर ते सगळ्यात बडबड्या मुलीशेजारी. आणि चढताना प्रत्येकाला एकच प्रश्न: "डब्यात काय?" कुणाचा डबा संध्याकाळी तसाच जड परत चाललाय हे त्यांना आमच्या आधी कळतं. एका मुलीचा डबा मधल्या सुट्टीत दुसऱ्याच मुली फस्त करतात, हे आम्हाला त्यांनी सांगितलं. पालकसभेला आम्ही नगरसेवकांना बोलावतो, बँकेच्या मॅनेजरना बोलावतो. या वर्षी हट्टाने रिक्षावाल्या काकांना आणि स्वच्छता करणाऱ्या मावशींना बोलावलं. मावशी खुर्चीवर बसायला तयार होईनात. त्यांना बसायला सांगावं लागलं, ते सगळ्या मुलांनी पाहिलं.

मुलं पाहतातच. शिपाईमामांना कोण 'अरे' म्हणतं, कोण 'अहो' म्हणतं, कुठले सर कुणाची नक्कल करून वर्ग हसवतात. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासही बंद केलाय. पण टोमणा मोजायची पट्टी कुणाकडे आहे? शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की किती शाळांमध्ये अजून भर वर्गात पुकारा होतो: "एससी, एसटी, एनटी, उभे राहा, दाखले कुणाचे राहिलेत?" तोपर्यंत ज्यांना एकमेकांची जात ठाऊक नव्हती त्यांना तीस सेकंदांत कळते, आणि सरकारी कामकाजात कळते. आमच्यापासून रिक्षाने अर्ध्या तासावर, पंचवटीत, २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं त्या बंद दारांपुढे उभी राहिली. आम्ही तो धडा शिकवतो, त्यावर टीप लिहायला सांगतो. आणि मग जातीचे दाखले गोळा करायला मुलांना उभं करतो. हे बंद करायला ना निधी लागतो, ना प्रशिक्षण. एकेकाला स्टाफरूमच्या दाराशी बोलावून कागद घेता येतो. आम्ही आता तसंच घेतो. वेळ जास्त जातो, जाऊ दे.

कॅलिफोर्नियात १९८०च्या दशकात प्राथमिक शाळांमध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला होता. त्यांचा भर मुलांना शाळा आपली वाटण्यावर होता: वर्गसभा, घरच्यांना बरोबर घेऊन करायचे अभ्यास, आणि मोठ्या वर्गातल्या मुलाला लहान वर्गातला एक जोडीदार. यातला शेवटचा भाग आम्ही उचलला. सातवीच्या प्रत्येकाला पहिलीतलं एक पोर. मी मुद्दाम 'आज काय भाव'वाल्याला सगळ्यात रडकं पोर दिलं. माझा दुष्टपणा म्हणा हवं तर. मधल्या सुट्टीत पाहते, तर हा व्हरांड्यात उकिडवा बसलेला. पहिलीतल्याच्या स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. याने ते आधी फरशीवर हळूच आपटलं, मग शर्टाचं टोक लावून पिळलं, उघडलं, आणि न सांगता पोळीचे चार तुकडे करून दिले. हे त्याला कुणी शिकवलं असेल? घरी धाकटं कुणी नाही. म्हणून तो संत झाला असं समजू नका. त्याच दिवशी संध्याकाळी त्याने कुणाच्या तरी सायकलची हवा सोडली.

पालकांचं काय सांगू! एकाच सभेत दोन्ही बाजू ऐकल्या. एक वडील म्हणाले, "मी त्याला सांगून ठेवलंय, मार खाऊन घरी यायचं नाही, मारून यायचं." दुसरे म्हणाले, "माझा मुलगा लीडर आहे, मॅडम, तुम्ही त्याला दाबताय." हे त्या विचारणाऱ्याचे वडील. कांद्याचे मामा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "त्याच्या हातावर दाखला ठेवा, विषय संपवा." टाळ्या पडल्या. मी म्हटलं, दाखला घेऊन तो पुढच्या चौकातल्या शाळेत जाईल, तिथे लासलगावचं नसेल पण येवल्याचं कुणीतरी असेल. आणि इथे त्याची जागा भरायला दोघे तयार बसलेत, त्यांची नावं मी आत्ता सांगू शकते. सभेला ते पटलं नाही. मामा माझ्याकडे न बघता निघून गेले. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच मागितलं असतं.

सध्या आमचं घोडं अडलंय सायकल स्टँडवर. नकाशात सगळ्यात लाल जागा ती, शाळा सुटल्यावरची दहा मिनिटं. पूर्वी तिथे शिपाईमामा असायचे. ते निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही. शिक्षकांनी पाळीपाळीने उभं राहावं असा प्रस्ताव मी मांडला. त्यावर झालेली चर्चा मी इथे लिहीत नाही, पुढे याच लोकांबरोबर चहा प्यायचाय. शेवटी चार जण तयार झालो. सोमवार संस्कृतच्या मॅडमचा, मंगळवार माझा, बुधवार-गुरुवार पीटीच्या सरांनी घेतले, शुक्रवार चित्रकलेच्या सरांचा. शनिवारला कुणी नाही. रिक्षावाल्या काकांना विचारलंय, ते तसेही गेटवर लवकर येऊन उभे असतात. म्हणाले, "उभा राहीन, पण एक शिट्टी द्या मला."

शिट्टीसाठी अर्ज केलाय.